चेंडू
चेंडू : खेळात फेकण्याची, झेलण्याची वा टोलविण्याची गोल वस्तू, इंग्रजी ‘बॉल’ शब्दाचा रूढ मराठी पर्याय. कन्नड व तेलुगू भाषांत ‘चेंडु’ हा शब्द याच अर्थाने येत असल्याने त्याचा संबंध द्राविडी भाषाकुलाशी जोडला जातो. संस्कृतात यास कंदुक, तर हिंदीत गेंद म्हणतात. झेंडूच्या फुलास कन्नडमध्ये ‘चेंडु हूवु’ असे नाव आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृ. १८५७) ‘चेंडू’ व ‘चेंडूफळी’ हे शब्द आढळतात. क्रिकेट आल्यावर त्यासही चेंडूफळी म्हणण्यात येऊ लागले.

इंग्रजीत एकाच उच्चाराचे दोन भिन्न शब्द आहेत. गोल वस्तू या अर्थाचा ‘बॉल’ प्राचीन नॉर्स भाषेशी निगडित असून नृत्यसमारंभ या अर्थाचा ‘बॉल’ फ्रेंचमार्गे नाचणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. मतदानवाचक ‘बॅलट’ शब्दाचे मूळ मात्र मतदानासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान गोळीच्या इटालियन नावात आहे. इंग्रजी ‘बॉल’ची व्याप्ती मोठी आहे. मराठीत लोकरीचा गुंडा, कणकेचा गोळा, बंदुकीची गोळी व पायाचा चवडा असे निरनिराळे शब्द त्याजागी येतात.

पुण्यातील क्रिकेटच्या इतिहासात चेंडू व फळी यांची सामाजिक विभागणी दिसते. चर्मकार समाजातील पळवणकर बाळू (मृ. १९५५) हे १८९० नंतरच्या दशकात पुण्याच्या यूरोपीय क्लबात मैदानाची कामे करीत. सरावासाठी ते ग्रेग प्रभृती अधिकाऱ्यांना तासन्‌तास गोलंदाजी करीत; फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही. पुढे पुण्यातील हिंदू संघाने त्यांना घेतले. कातड्याने मढविलेला एकच चेंडू मैदानावर सर्वांच्या हातांतून फिरे. चहा मात्र बाळूंना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

बोलीत ‘बॉल’ रुळला असला, तरी मराठी समालोचनात व वृत्तपत्रांत चेंडू हाच शब्द प्रचलित आहे.