वऱ्हाडचे लोकवैद्य : डॉ. शिवाजीराव पटवर्धन

वऱ्हाड म्हटलें कीं डोळ्यांपुढें प्रथम येते ती काळी कसदार जमीन आणि तिच्यावर फुललेला कापूस. १८५३ सालीं हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, पुढें आगगाडी आली, आणि अकोला व अमरावती या कापसाच्या नामांकित पेठा बनल्या. जिनिंगचे कारखाने उभे राहिले, रुईचे नि सरकीचे सौदे होऊं लागले, वकिलांचे व सावकारांचे वाडे उठले. १८९७ सालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं अमरावतीस भरलें, तेव्हां या शहराचें नांव साऱ्या हिंदुस्थानांत झालें. परंतु अशा भरभराटलेल्या शहरांच्या वेशीवर, स्टेशनांच्या आसपास आणि जत्रांच्या वाटांवर आणखी एक समाज बसलेला असे. फडक्यांत गुंडाळलेले हात पुढें करून तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पैसा मागे, आणि तो पैसा त्याच्याकडे लांबूनच फेंकला जाई. याचें गांव कोणतें, पूर्वीचा धंदा कोणता, घरीं मुलेंबाळें किती, हें त्याला सहसा कोणी विचारीत नसे. तो महारोगी होता. तेंच त्याचें नांव आणि तीच त्याची ओळख.

अमरावतीच्या अधिवेशनाला वर्ष होतें न होतें तोंच, १८९८ सालीं, सरकारनें या लोकांसंबंधीं एक कायदा केला. तो ज्या भागाला लागू होई तेथें भीक मागणाऱ्या निर्धन महारोग्याला पोलिसानें वॉरंटावांचून पकडावें, तपासणी करून त्याची रवानगी महारोग्यांच्या आश्रमांत करावी, अशी त्यांत तरतूद होती. विक्रीचे खाद्यपदार्थ तयार करणें, नेमून दिलेल्या सार्वजनिक विहिरीवर अगर तलावावर पाणी भरणें, भाड्याच्या गाडींत बसणें, या गोष्टींची रोग्यांना मनाई करण्याचाही अधिकार सरकारनें त्यांत घेतला होता. जुन्या हिंदु कायद्याप्रमाणें उग्र स्वरूपाचा महारोग जडलेला मनुष्य वारसाहक्कालाही मुकत असे. ही अपात्रता १९२८ सालच्या कायद्यानें दूर झाली. अशा रीतीनें कायदा रोग्याशीं वागे तो गुन्हेगाराशीं वागावें तसा, आणि समाज वागे तो पापी मनुष्याशीं वागावें तसा. पूर्वजन्मींचें पातक अंगावर फुटलें, एवढें म्हटलें म्हणजे शेजाऱ्याची जबाबदारी संपत असे.

वास्तविक या समजुतीचा पाया शास्त्रानें केव्हांच काढून घेतला होता. १८७३ सालीं नॉर्वे देशांतील डॉ. हॅन्सेन यांनीं या रोगाचा जंतु शोधून काढला. हा रोग आनुवंशिक नाहीं. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासानेंच तो सहसा जडतो, आणि बहुसंख्य माणसांच्या शरीरांत त्याला तोंड देण्याची शक्ति उपजतच असते. हाताचीं बोटें झडतात ती रोगाच्या रागानें नव्हे. ज्ञानतंतु बधिर होतात, मग चुलीचा चटका कळत नाहीं, पायांत रुतलेला कांटा कळत नाहीं; दुर्लक्षित जखमा चिघळतात आणि अवयव निकामी होतो. परंतु विहिरीवरच्या बायकांना आणि चावडीवरच्या पाटलाला हॅन्सेन ठाऊक नव्हता. शिवाय त्या काळीं वैद्याच्या हातांत उपाय म्हटला तर चालमोग्र्याच्या तेलाचा, आणि त्याचाही गुण बेताचाच. म्हणून वैद्यही बहुधा दुरूनच हात जोडीत.

अशा परिस्थितींत ज्या एका वैद्यानें आपला हात पुढें केला, ते डॉ. शिवाजीराव पटवर्धन. जमखंडीच्या मुलखांत १८९२ सालीं जन्मलेले हे गृहस्थ होमिओपॅथीची विद्या घेऊन अमरावतीस आले आणि कायमचे वऱ्हाडचे झाले. लोक त्यांना प्रेमानें दाजीसाहेब म्हणत. गांवांत दवाखाना चालवावा, मान मिळवावा, चार पैसे गांठीं बांधावे, एवढ्यावर समाधान मानणारा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या वेळची अमरावतीही माणसाला स्वस्थ बसूं देणारी नव्हती. दादासाहेब खापर्ड्यांच्या घरीं लोकमान्यांच्या राजकारणाचा राबता होता. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं काढलेल्या हनुमान आखाड्यांत तरुण पिढी अंग कमावीत होती आणि त्याबरोबरच देशाचा विचारही करीत होती.

१९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहाचा पुकारा झाला, तेव्हां वऱ्हाडपुढें मोठाच पेंच पडला. समुद्र शेंकडो मैल दूर. मीठ काढावयाचें कोठून? तें उत्तर पूर्णेच्या खोऱ्यांतच होतें. अमरावतीपासून अकोल्याकडे आणि तेथून बुलढाण्याकडे पसरलेल्या या खारपाणपट्ट्यांत विहिरींचें पाणी खारट असतें. प्यावयास निरुपयोगी असलेलें तेंच पाणी सत्याग्रहाच्या कामीं आलें. अकोला जिल्ह्यांतील दहीहंडा येथें त्या वर्षींच्या एप्रिलांत विहिरीचें पाणी आटवून मीठ काढण्यांत आलें आणि कायदा मोडला गेला. पुढें जुलैंत पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनीं जंगल सत्याग्रह केला. या राष्ट्रीय चळवळींत दाजीसाहेबही होते आणि त्यांनीं कारावास सोसला. अन्यायाचा कायदा मोडावयाचा असतो आणि त्याची शिक्षा आनंदानें भोगावयाची असते, हा धडा वऱ्हाडच्या या पिढीनें असा गिरविला.

परंतु परकीयांच्या कायद्याहून कठीण असे कायदे घरांत असतात. १९२७ सालीं अमरावतीच्या अंबादेवीचें मंदिर अस्पृश्यांना खुलें व्हावें म्हणून चळवळ सुरू झाली. डॉ. पंजाबराव देशमुख तींत अग्रभागीं होते, आणि त्यासंबंधींच्या परिषदेचें अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं स्वीकारलें. देवीच्या दारांत कोणी यावें आणि कोणी येऊं नये, हा प्रश्न साऱ्या शहरापुढें उभा राहिला. महारोग्याची स्थिति तर अशी होती कीं त्याला मंदिराचेंच काय, स्वतःच्या घराचेंही दार बंद होतें. सवर्ण घरांत जन्मलेला असो कीं अस्पृश्य घरांत, रोग जडला कीं दोघांनाही उकिरड्याशेजारची एकच जागा मिळे.

या कामाला नवा पुरस्कार मिळाला तो सेवाग्रामाहून. गांधीजींनीं परचुरे शास्त्री या महारोगी पंडितांना आश्रमांत ठेवून घेतलें आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली; पुढें विधायक कार्यक्रमांतही महारोग्यांच्या सेवेला स्थान दिलें. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ पासूनच हें काम आरंभिलें होतें. वऱ्हाडांतही अचलपुराजवळ कोठारा येथें ख्रिस्ती मिशनऱ्यांचें महारोग्यांसाठीं रुग्णालय होतें. परंतु अमरावतीच्या नागरिकांनीं आपल्या वेशीवरच्या रोग्यांची जबाबदारी आपण होऊन घ्यावी, असें काम अजून व्हावयाचें होतें. तें दाजीसाहेबांनीं हातीं घेतलें. १९४६ सालीं शहराबाहेरच्या माळावर त्यांनीं 'श्री जगदंबा कुष्ठनिवास' स्थापन केला. त्या वेळीं त्यांनीं पन्नाशी ओलांडली होती. ज्या वयांत माणसें धंद्याचा पसारा आवरूं लागतात, त्या वयांत त्यांनीं हा नवा संसार मांडला. त्या जागेला त्यांनीं नांव दिलें तपोवन. आणि ज्यांना देवळाच्या पायरीवरून हुसकून लावीत, त्यांच्या निवासाला जगदंबेचें नांव मिळालें.

तपोवनांत औषधपाणी होतेंच. पण औषध हा तेथील कामाचा लहान भाग होता. भीक मागणारा हात कामाला लावणें हा मोठा भाग. शेती, विणकाम, सुतारकाम असे उद्योग तेथें सुरू झाले. बोटें आखडलेल्या माणसाला करवत धरतां यावी, बधिर तळव्याला जखम होऊं नये म्हणून त्यानें काय जपावें, हें शिकविणें हीच तेथील खरी चिकित्सा. दिवसभर राबून मिळविलेली भाकरी आणि दुरून फेंकलेली भाकरी यांच्या चवींतलें अंतर ज्यानें दोन्ही खाल्ल्या त्यालाच कळतें. रोग्यांच्या मुलांच्या संगोपनाची आणि शिक्षणाची सोयही तेथें झाली, कारण आईबापांच्या रोगाचा कलंक निरोगी मुलांच्या कपाळींही लागत असे. 'दया करा' असें दाजीसाहेबांचें कार्य सांगत नव्हतें. 'याला काम द्या, घर द्या, माणसांत घ्या. हा त्याचा हक्क आहे,' असें तें सांगत होतें.

या कामांत एक अवघड प्रश्नही दडलेला आहे, आणि त्याकडे डोळेझांक करणें त्यांच्या स्मृतीला शोभणारें नाहीं. रोग्यांसाठीं निराळी वसाहत उभारणें म्हणजे एका अर्थीं त्यांच्याभोंवतीं कुंपण घालणेंच नव्हे काय? १८९८ चा कायदाही त्यांना निराळेंच ठेवूं पाहत होता. उत्तर असें कीं, कायद्यानें जें निराळें ठेवणें सांगितलें तें इतरांच्या सोयीसाठीं होतें. तपोवनाचें दार उघडलें तें ज्यांना जावयास दुसरें ठिकाणच उरलें नव्हतें त्यांच्यासाठीं. तरीही आश्रय म्हणजे कांहीं परतीची वाट नव्हे. बरा झालेला मनुष्य गांवीं परतला कीं भावाने वाटणी करून घेतलेली असावी, बायकोनें माहेर गांठलेलें असावें, आणि त्याला पाहून ओसरीवरचीं माणसें उठून आंत जावींत, असें घडे. मग रोगमुक्त झालेला तो मनुष्य पुन्हां वसाहतीचीच वाट धरी. असे रोग बरे करण्याचें औषध कोणत्याच दवाखान्यांत मिळत नाहीं.

खुद्द रोगावर मात्र औषधें मिळालीं. तपोवन उभें राहिलें त्याच सुमारास डॅप्सोन वर्गांतील औषधांचा वापर हिंदुस्थानांत सुरू होत होता, आणि १९८२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति पुरस्कारिली. तिनें रोग निश्चित बरा होऊं लागला. १९४९ सालीं बाबा आमटे यांनीं वरोऱ्यास आनंदवनाचा पाया घातला, आणि दत्तपूर, तपोवन, आनंदवन अशी सेवेची एक साखळीच विदर्भांत तयार झाली. भारत सरकारनें १९५९ सालीं दाजीसाहेबांना पद्मश्री देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. १९८६ सालीं, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला.

कायद्याला मात्र या वैद्याबरोबर चालतां आलें नाहीं. १९५० सालच्या राज्यघटनेनें प्रौढ मताधिकार दिला, तेव्हां तपोवनांतील मनुष्यही मतदार झाला. परंतु १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत असाध्य महारोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून नमूद झालें. २००८ सालींही ओरिसांतील एका लोकनियुक्त नगरसेवकाला याच रोगाच्या कारणावरून अपात्र ठरविणारा कायदा सर्वोच्च न्यायालयानें ग्राह्य धरला. १८९८ चा तो जुना कायदा रद्द झाला २०१६ सालीं, म्हणजे दाजीसाहेबांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनीं. आणि घटस्फोटाचें तें कारण विवाहकायद्यांतून निघालें २०१९ सालीं. वैद्यानें ज्याला माणूस म्हणून जवळ घेतलें, त्याला तसें म्हणावयास कायद्याच्या पुस्तकाला सत्तरांहून अधिक वर्षें लागलीं.

वऱ्हाडची भूमि सेवेला अपरिचित नाहीं. गाडगेबाबांनीं खराटा हातीं घेऊन गांवें झाडलीं आणि धर्मशाळा बांधल्या. तुकडोजी महाराजांनीं मोझरीहून खेड्यापाड्यांना जागें केलें. दाजीसाहेबांचें स्थान याच मालिकेंत आहे. सत्याग्रहाच्या दिवसांत त्यांनीं हक्काचा अर्थ शिकला आणि उरलेलें आयुष्य तो अर्थ सर्वांत शेवटच्या माणसापर्यंत पोंचविण्यांत घालविलें. दहीहंड्याच्या विहिरीचें पाणी लोकांनीं निरुपयोगी म्हणून सोडून दिलें होतें. त्यांतूनच मीठ निघालें. समाजानें वेशीबाहेर टाकलेलीं माणसेंही तशींच निरुपयोगी ठरविलेलीं होतीं. त्यांच्या हातांनीं पिकलेलें शेत आणि विणलेलें वस्त्र अमरावतीच्या माळावर उभें करून दाखविणें, ही या लोकवैद्याची आयुष्यभराची चिकित्सा होय.