पडद्यावरील विज्ञान : दिल्ली १९६१ ते केरळ २०२०

माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे तर दोन गोष्टी हव्यात : विषय जाणणारा शिक्षक आणि चालती प्रयोगशाळा. स्वातंत्र्यानंतर शाळा झपाट्याने वाढल्या. या दोन गोष्टी मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. ही तूट तंत्रज्ञानाने भरून काढण्याचा भारतातील प्रयत्न साठ वर्षांहून जुना आहे.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९६१ मध्ये, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने शहरातील माध्यमिक शाळांसाठी अभ्यासक्रमाला धरून पाठ दाखवले जाऊ लागले. त्यांत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र होते. प्रयोगशाळा अपुऱ्या, उपकरणे तोकडी आणि पात्र शिक्षकांची वानवा, हे त्यामागचे उघड कारण होते. दूरचित्रवाणीची नियमित दैनंदिन सेवा १९६५ मध्ये सुरू झाली. म्हणजे हे माध्यम भारतात दिवाणखान्याआधी वर्गात पोहोचले. परंतु जमिनीवरच्या मनोऱ्याचा पल्ला शहराभोवतीच संपत असे. खेडी त्याच्या बाहेर राहिली.

हे अंतर एका उडीत ओलांडण्याची कल्पना विक्रम साराभाई यांनी मांडली. १९६९ मध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागाने अमेरिकेच्या नासाशी करार केला. साराभाईंचे डिसेंबर १९७१ मध्ये निधन झाले. पुढे यश पाल, आणि मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांसारख्या शास्त्रज्ञांनी हे काम तडीस नेले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ हा उपग्रह-शिक्षणाचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत चालला. सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम असत. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही याच मार्गाने देण्यात आले.

यामागचे भौतिकशास्त्र शाळेच्या पुस्तकातले आहे. तोवरचे संदेशवहन उपग्रह दुबळे, म्हणून जमिनीवरील स्थानके अवाढव्य लागत. एटीएस-६ या उपग्रहाने हे गणित उलटे केले : सुमारे ९ मीटर व्यासाचा अँटेना अवकाशात उघडला आणि खेड्यातला अँटेना ३ मीटरवर आला. प्रक्षेपणाची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या मानाने फार लहान असली की जाळी त्या तरंगांसाठी आरशासारखी वागते. म्हणूनच कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी खेड्याच्या अँटेनाला पुरली.

मात्र उपग्रह उसना होता. वर्ष संपताच नासाने तो परत नेला.

स्वतःचा शैक्षणिक उपग्रह भारताने २० सप्टेंबर २००४ रोजी सोडला. श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्हीने नेलेल्या एज्युसॅटचे वजन १९५० किलोग्रॅम होते. आता विद्यार्थी प्रश्नही विचारू शकत होता. संदेशाला सुमारे ३६ हजार किलोमीटर वर जाऊन तेवढेच खाली यावे लागे. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद एवढाच काय तो विलंब. खरी अडचण आकाशात नव्हती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने जोडणी, पाठनिर्मिती आणि व्यवस्थापन या तिन्हींच्या नियोजनातील उणिवांवर बोट ठेवले. तोवर उपग्रह सेवेतून निवृत्तही झाला होता.

केरळची कहाणी वेगळी ठरली. तेथे २८ जुलै २००५ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘व्हिक्टर्स’ वाहिनी सुरू झाली. तिच्यामागे शाळांत संगणक पोहोचवणारी आणि शिक्षकांना तयार करणारी राज्याची यंत्रणा उभी होती. एज्युसॅट गेला, वाहिनी राहिली. महासाथीत शाळा बंद असताना १ जून २०२० रोजी तिच्यावरूनच ‘फर्स्ट बेल’ हे वर्ग सुरू झाले. उपग्रहाचे आयुष्य काही वर्षांचे असते. माणसे आणि संस्था नीट उभ्या केल्या तर त्या अधिक टिकतात.

याच काळात दुसरा एक प्रवाह पडद्याविना वाहत होता. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. स्वस्त साहित्य, मुलांनी स्वतः केलेले प्रयोग आणि त्यांतून स्वतः काढलेले निष्कर्ष, हा त्याचा गाभा होता. २००२ मध्ये राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. म्हणजे केवळ साधेपणानेही टिकाव लागत नाही. शासनाचा पाठिंबा दोन्ही प्रवाहांना लागतो.

आज मुंबईच्या सी-डॅकने अमृता विद्यापीठाच्या साथीने विकसित केलेल्या ‘ओलॅब्ज’मध्ये नववी ते बारावीचे प्रयोग पडद्यावर करून पाहता येतात. ज्या शाळेत प्रयोगशाळाच नाही, तेथे ही सोय मोलाची आहे. तरी लंबक हाताने सोडताना तो थोडा तिरका जातो, घड्याळाची कळ क्षणभर उशिरा दाबली जाते आणि दहा मोजमापांची दहा उत्तरे येतात. त्या विसंगतीचे काय करायचे, हा विचार विज्ञानशिक्षणाचा प्राण आहे. साठ वर्षांत तंत्रज्ञानाने पाठ दूरवर पोहोचवला. लंबक आणि घड्याळ त्या प्रत्येक शाळेत पोहोचवण्याचे काम अजून उरले आहे.