एकतर्फी हुकूमनामा : दाद कशी मागावी?

दिवाणी दाव्यात प्रतिवादी गैरहजर राहिल्यास त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. समन्स रीतसर बजावले नव्हते किंवा गैरहजेरीस सबळ कारण होते, असे पटवून दिल्यास दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९, नियम १३ अन्वये तेच न्यायालय तो रद्द करते. अर्जाची मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवस. समन्स रीतसर बजावले नसल्यास ती माहिती मिळाल्यापासून मोजतात. कलम ९६ (२) अन्वये अपीलही करता येते. मात्र ते मागे न घेता निकाली निघाल्यास अर्जाचा मार्ग बंद होतो. नुसत्या अर्जाने वा अपिलाने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. त्यासाठी स्थगिती मागावी लागते.