गिटारीची दांडी आणि ऋतूंचा ओलावा

ज्युबिलीच्या या स्मरणग्रंथांत मंदिराच्या पायाभरणीचा, पूज्य धर्मगुरूंचा आणि दानशूर कुटुंबांचा वृत्तांत वाचकांस इतरत्र मिळेलच. आमच्या वांट्यास आलेला विषय लहान आहे. परंतु गायनमंडळाच्या सज्ज्यांत ज्यांनीं कांहीं वर्षें काढलीं आहेत, त्यांस तो क्षुल्लक वाटणार नाहीं.

दरवर्षीं मृगाच्या सरी कोसळूं लागल्या कीं सज्ज्यांतून एकच तक्रार ऐकूं येते: गिटारीच्या तारा दांडीपासून उंच उठल्या, बोटें दुखूं लागलीं, स्वर जुळेना. उलट, तीच गिटार उन्हाळ्यांत घाटावर नेली, कीं तारा खरखरूं लागतात आणि पडद्यांचीं टोंकें हातास बोंचतात. मग कोणी वाजविणाऱ्या पोरास दोष देतो, तर कोणी दुकानदारास. अशीच एक गिटार ‘मान वांकली’ म्हणून अडगळींत टाकलेली आम्हीं पाहिली आहे. एका मजूर कुटुंबानें पैसा पैसा सांठवून ती मुलास घेऊन दिली होती. पुढें एका जाणत्या कारागिरानें ती हातांत घेतली, दांडीच्या टोंकाशीं असलेलें लहानसें झांकण काढलें, आंतल्या चाकीला किल्लीनें पाव फेरा दिला, आणि वाद्य पुन्हां बोलूं लागलें. तो पाव फेरा मनुष्यास साधावयास जवळजवळ चारशें वर्षें लागलीं. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रथम लांकडाचा स्वभाव लक्षांत घेतला पाहिजे. झाड तोडून फळी वाळविली, तरी तिचें हवेशीं असलेलें नातें तुटत नाहीं. सभोंवतीं सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असतां लांकडांत त्याच्या शुष्क वजनाच्या सुमारें ६ टक्के पाणी राहतें. ५० टक्के असतां सुमारें ९, आणि ८० टक्के असतां सुमारें १६ टक्के. या पाण्यानें लांकूड फुगतें, पण सर्व दिशांस सारखें नव्हे. लांबींत तें जवळजवळ बदलत नाहीं. रुंदींत मात्र चांगलेंच बदलतें. गिटारीची दांडी बहुधा महॉगनी किंवा सीडार लांकडाची, आणि तिच्यावर सरसानें चिकटविलेली पट्टी शिसवीची किंवा अबनुसाची असते. (१९६९ पासून अमेरिकेंतील मार्टिन कारखान्यानें ब्राझिलच्या शिसवीच्या जागीं हिंदुस्थानची शिसवी घेतली, तेव्हां या कथेंत आपल्या रानांचाही वांटा आहे.) दोन जातींचीं लांकडें एकमेकांस जखडलेलीं, आणि दोन्ही निरनिराळ्या मानानें फुगणारीं; अशा स्थितींत दांडी ऋतूबरोबर किंचित् वांकली, तर नवल तें काय? येथें पाव मिलिमीटरचा वांकही वादकाच्या बोटांस जाणवतो. त्यांतच पेटीची वरची पातळ फळी ओलाव्यानें फुगून वर येते आणि तारांस आणखी उचलते.

सोळाव्या शतकांत स्पेन देशांत विहुएला आणि लहान गिटार हीं वाद्यें लोकप्रिय होतीं. ख्वान बेर्मुदो या फ्रान्सिस्कन संन्याशानें १५५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या संगीतग्रंथांत या दोहोंचें वर्णन केलें आहे. त्या काळीं पडदे धातूचे नसत. आंतड्याची तांत दांडीभोंवतीं गुंडाळून गांठ मारीत, आणि तोच पडदा होई. आपल्या सतारीचे पडदे जसे दोऱ्यानें बांधलेले असून सरकवितां येतात, तसेच हेही सरकत. तांत झिजली, तर नवी बांधावी. स्वर चुकला, तर पडदा किंचित् सरकवावा. लांकूड फुगो वा आटो, बांधलेला पडदा त्याच्याशीं भांडत नसे. तांतही ओलाव्यास इतकी संवेदनशील, कीं युरोपांत तिच्या पिळावर चालणारीं हवादर्शक घरकुलें करीत. पाऊस यावयाचा असला कीं एक बाहुली बाहेर येई, ऊन असलें कीं दुसरी.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही व्यवस्था मागें पडूं लागली. पट्टींत आडव्या खांचा पाडून धातूचे पडदे कायमचे बसविण्यांत येऊं लागले. स्वर अधिक स्वच्छ निघूं लागला. परंतु एक नवें वैर निर्माण झालें. धातूस ओलावा ठाऊक नाहीं, लांकडास तो विसरतां येत नाहीं. कोरड्या हवेंत पट्टी अर्धा मिलिमीटर अरुंद झाली, तरी पडदा होता तेवढाच राहतो, आणि त्याचें टोंक कडेबाहेर डोकावतें. हातास जें बोंचतें तें हेंच.

तारा आंतड्याच्या होत्या तोंपर्यंत दांडीवरचा भार बेताचा होता. आल्मेरियाचा अंतोनियो द तोरेस (१८१७–१८९२), ज्याच्या घडणीवर आजची स्पॅनिश गिटार उभी आहे, त्यास दांडींत लोखंड घालण्याची गरज भासली नाहीं. पण अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं पोलादी तारांची आवड वाढली. १८३३ सालीं जर्मनींतून न्यूयॉर्कला गेलेल्या ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन यांच्या कारखान्यानेंही १९२२ सालीं पोलादी तारांसाठीं खास गिटार घडविली. अशा सहा तारांचा एकत्र ताण सुमारें ७० ते ८० किलो होतो. शिवाय त्या देशाच्या उत्तर भागांत हिवाळ्यांत घरें तापवितात. बाहेरची गार हवा आंत येऊन तापली कीं अत्यंत कोरडी होते, आणि उन्हाळ्यांत पुन्हां दमट. ताण आणि ऋतु, दोहोंच्या कचाट्यांत दांडी सांपडली.

उपाय मिशिगन प्रांतांतील कॅलमझू या गांवीं निघाला. तेथील गिब्सन कारखान्यांतील थॅडियस मॅकह्यू यानें दांडीच्या पोटांत एक पोलादी सळई बसविण्याची युक्ति काढली. १९२१ सालीं त्यानें अर्ज केला, व २७ फेब्रुवारी १९२३ रोजीं त्यास तिचें पेटंट मिळालें. सळईच्या टोंकास चाकी असते. ती आवळली कीं तारांच्या ओढीविरुद्ध दांडी मागें खेंचली जाते, सैल केली कीं पुढें झुकते. मार्टिन कारखान्यानें मात्र निराळा मार्ग धरला. त्यानें १९३४ सालीं दांडींत पोलादाची न हलणारी पट्टी घातली. दांडी वांकूंच नये, असा त्याचा आग्रह होता. शेवटीं १९८५ सालीं त्यानेंही फिरवितां येणारी सळई स्वीकारली. सरकणाऱ्या पडद्यांत जी मोकळीक होती, ती कायमच्या पडद्यांबरोबर गेली, आणि सळईच्या रूपानें परत आली. लांकडास हलूं न देण्याचा हट्ट सोडून, तें हलल्यावर त्यास समजावण्याची सोय करणें, हेंच या इतिहासाचें सार होय.

तथापि सळई सर्व रोग बरे करीत नाहीं. बाहेर आलेलीं पडद्यांचीं टोंकें कानसीनेंच घांसावीं लागतात, आणि फुगलेली फळी हवा कोरडी झाल्याशिवाय उतरत नाहीं. खरा उपाय हवेचाच. जिनीव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञानें १७८३ सालीं मनुष्याच्या केंसावर चालणारें आर्द्रतामापक वर्णिलें. न्यूयॉर्कमधील एका छापखान्याचा कागद ओलाव्यानें फुगून रंग चुकूं लागले, म्हणून १९०२ सालीं विलिस कॅरियर यानें हवेंतील ओलावा ताब्यांत ठेवणारें यंत्र योजिलें. आज गिटारीचे चांगले कारखाने आंतील आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राखतात.

४ डिसेंबर १९६३ रोजीं व्हॅटिकन महासभेनें उपासनेविषयींचें आज्ञापत्र प्रसिद्ध केलें. त्यांत ऑर्गनचा मान कायम ठेवून, योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीनें इतर वाद्यांसही मंदिराचें द्वार उघडलें. त्यानंतर ठिकठिकाणच्या गायनमंडळांत गिटार आली. ५० टक्क्यांच्या हवेंत घडलेलें वाद्य आमच्या किनाऱ्यावर ८० टक्क्यांच्या वरच्या पावसाळ्यांत येतें, हें आपण ध्यानांत ठेवावें. तिला उघड्या खिडकीपाशीं किंवा ओल्या भिंतीस टेंकून ठेवूं नये. पेटींत ठेवावें, व पेटींत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या. चाकी फिरविणें झाल्यास जाणत्याकडून, एका वेळीं पाव फेराच, आणि मग लांकडास एक दिवस विसांवा द्यावा.

पुढील मृगांत एखाद्या पोराची गिटार बेसूर झाली, तर त्यास दूषण देण्यापूर्वीं आणि ती अडगळींत टाकण्यापूर्वीं तें लहानसें झांकण एकदां उघडून पहावें, एवढीच वाचकांस नम्र विनंति आहे.