मद्यासक्तीवरील औषधे

मद्याचे शारीरिक व मानसिक अवलंबित्व जडलेल्या रुग्णास मद्यपानापासून परावृत्त ठेवण्यासाठी वैद्यकीय देखरेखीखाली दिली जाणारी द्रव्ये. कोपनहेगन येथील याकोबसेन व हाल्ड यांनी १९४८ मध्ये ज्याचा हा उपयोग प्रसिद्ध केला, ते डायसल्फिराम शरीरातील ॲसिटाल्डिहाइडचे विघटन रोखते. परिणामी गोळी घेणाऱ्याने मद्य प्राशन केल्यास चेहरा लाल होणे, छातीत धडधड, वांती व रक्तदाब घसरणे ही लक्षणे उद्भवतात आणि क्वचित प्राणावर बेतते. गोळी थांबविल्यावरही हा धोका सुमारे १४ दिवस राहत असल्याने द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी मद्यार्कयुक्त औषधेही वर्ज्य होत. आणि म्हणूनच रुग्णाच्या नकळत डायसल्फिरामची गोळी आमटीतून देण्याचा आप्तांचा मोह सर्वथा घातक होय. ग्लानी, मज्जाविकार व यकृतदाह हे अन्य दुष्परिणाम. नाल्ट्रेक्सोनने मद्याची ओढ मंदावते, परंतु मळमळ व डोकेदुखी संभवते, आणि अफूजन्य वेदनाशामकांसह ते निषिद्ध आहे. अकॅम्प्रोसेटने अतिसार होऊ शकतो, व मूत्रपिंडाच्या गंभीर विकारात ते देत नाहीत. औषधास समुपदेशन व कुटुंबाचा आधार यांची जोड अपरिहार्य असून, अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात स्थापिलेले ‘मुक्तांगण’ हे महाराष्ट्रातील या दिशेचे अग्रगण्य केंद्र होय. देशभर १४४४६ या निःशुल्क दूरध्वनीवर व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शन मिळते.