गोव्यातील प्रबोधनकालीन चित्रशैली

गोव्यातील प्रबोधनकालीन चित्रशैली : सोळाव्या व सतराव्या शतकांत पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्च, मठ आणि व्हाइसरॉयचा वाडा यांसाठी घडलेली चित्रकला. नमुना लिस्बनचा आणि हात बऱ्याचदा गोमंतकीय, हे तिचे मूळ लक्षण. युरोपच्या कलेतिहासात ती प्रांतिक नक्कल म्हणून मागे पडली, तर भारतीय चित्रकलेच्या इतिहासांत तिला परकी समजून फारशी जागा मिळाली नाही. हा दुहेरी अन्याय आहे.

पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे सेंट कॅथरीनच्या सणादिवशी, आदिलशाहीकडून गोवे घेतले आणि ही संत शहराची रक्षक ठरली. तिच्या नावाच्या कॅथेड्रलसाठी लिस्बनच्या गार्सिया फर्नांडिस या चित्रकाराने १५४० च्या सुमारास तिच्या चरित्रातील प्रसंगांची वेदीचित्रे रंगवली. फर्नांडिस हा राजचित्रकार जॉर्ज अफोंसो याच्या चित्रशाळेत तयार झालेला. त्या पिढीवर फ्लँडर्सच्या चित्रकलेची दाट छाप होती : लाकडी फळीवर तैलरंगांचे पातळ थर, जड वस्त्रांच्या घड्या, दागिन्यांतले बारकावे. इटलीतील प्रबोधन पोर्तुगालला उशिरा आणि बरेचसे फ्लँडर्सच्या वाटेने पोहोचले. गोव्याने ते पुढे पोर्तुगालकडून घेतले. प्रमाणबद्ध शरीर आणि शास्त्रशुद्ध यथादर्शन यांपेक्षा कथा सांगण्याची आणि पृष्ठभाग सजवण्याची ओढ या शैलीत अधिक दिसते, त्याचे एक कारण या प्रवासात आहे.

या शैलीचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे व्हाइसरॉयांची चित्रमालिका. गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने १५४७ मध्ये आपल्या आधीच्या सर्व राज्यकर्त्यांची व्यक्तिचित्रे काढवून घ्यायचे ठरवले आणि ते काम गास्पार कोरेइया याच्यावर सोपवले. कोरेइया हा भारतातील पोर्तुगीजांचा बखरकार. तो १५१२ पासून इथे होता, अल्बुकर्कच्या पदरी लेखनिक होता, हाताने चांगले रेखाटत असे आणि मुख्य म्हणजे त्याने ही माणसे स्वतः पाहिली होती. चेहरे त्याने आठवणीतून सांगितले व रेखले; रंगवण्याचे काम एका स्थानिक चित्रकाराने केले. त्या चित्रकाराच्या अंगच्या गुणाची आणि चेहऱ्यांत साधलेल्या साम्याची वाखाणणी कोरेइयाने स्वतः लिहून ठेवली आहे. नाव मात्र लिहिलेले नाही.

या चित्रांत माणूस पूर्णाकृती, उभा आणि किंचित वळलेला असतो. सोबत घराण्याचे चिन्ह आणि नावाचा लेख. भोवती निसर्ग नाही, प्रसंग नाही. मागची बाजू सपाट आणि गडद. त्यामुळे सगळा भार चेहरा, दाढी, हात आणि पोशाख यांवर येतो. पुढे प्रत्येक नव्या राज्यकर्त्याच्या चित्राची भर पडत ही मालिका विसाव्या शतकापर्यंत चालली. दमट हवा, वाळवी आणि वारंवार केलेले पुनर्रंजन यांमुळे मूळ थर खराब झाले किंवा झाकले गेले, म्हणून आज जे दिसते ते सगळे १५४७ चे समजू नये.

स्थानिक हात किती होते याची साक्ष बंदीहुकूमच देतात. बिगरख्रिस्ती कारागीर ख्रिस्ती प्रतिमा रंगवून दारोदार विकतात, ते थांबवावे, असे पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने १५४० च्या दशकात कळवले. १५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेनेही असाच निर्बंध घातला. ज्याची प्रथा नाही त्यावर कोणी पुन्हापुन्हा बंदी घालत नाही. या कारागिरांपुढे युरोपहून आलेली तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रे असत. छापात रेषा होती, रंग नव्हता. आकृती छापातली आणि रंगसंगती कारागिराच्या सवयीची, असा मेळ त्यातून जमला.

जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये (सध्याची वास्तू १६६१) हा मेळ नीट पाहता येतो. वेदीजवळ दोन्ही बाजूंना संताच्या चरित्राची लाकडी फळ्यांवरील चित्रे आहेत, तर भिंतींवर दाट वेलबुट्टी. फळ्यांवरची कथा पश्चिमेची. वेलबुट्टी काढणारा हात मात्र इथल्या सजावटीत मुरलेला आहे. १६०६ ते १६२७ या काळात बांधलेल्या सांता मोनिका मठातही भित्तिचित्रे आहेत.

गोव्यात आलेल्या युरोपीय चित्रांचा प्रभाव गोव्याबाहेरही पोहोचला. अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघालेले जेझुइट १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले, तेव्हा त्यांच्यासोबत अँटवर्पचे सचित्र बहुभाषी बायबल आणि मेरीच्या प्रतिमा होत्या. केसूदास व इतर दरबारी चित्रकारांनी युरोपीय छापांवरून चित्रे केली. मुघल चित्रातील छायाप्रकाशाचा अभ्यास करताना गोव्याचे बंदर वगळून चालत नाही.

व्हाइसरॉयांची चित्रे आज जुन्या गोव्यात, सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. बहुतेक पर्यटक समोरचे बॉम जेझूस चर्च पाहून परततात. दख्खनच्या चित्रकलेविषयी आस्था असणाऱ्याने रस्ता ओलांडून ही चित्रेही पाहावीत, आणि आपल्या कलेतिहासकारांनी कोरेइयाच्या त्या अनाम सहकाऱ्याची नोंद भारतीय चित्रकारांत करावी.