वरच्या थराची गोष्ट

आई गेल्यावर तिच्या साड्या वाटून झाल्या, तरी सात-आठ जुनेरं तशीच उरली. नेसण्याजोगी नव्हती आणि टाकवतही नव्हती. भाचीला बाळ होणार होतं, म्हटलं गोधडी शिवू. आजीसारखी हाताने शिवायला ना तेवढा दम, ना तेवढ्या दुपारी. घरात मशीन होतंच.

पहिल्याच टिपेला फजिती! पाच फुटांची सरळ टीप मारली, तर शेवटी वरची साडी चांगली दोन बोटं जास्त उरली. आडव्या टिपा घातल्या तर जागोजागी चुण्या. उसवायला गेले तर जीर्ण कापडाला भोकं पडली. आईची साडी काही पुन्हा बाजारात मिळणार नव्हती. मशीन बंद केलं आणि हे असं का होतं ते वाचत बसले.

एलियास होवेला अमेरिकेत १८४६ मध्ये पेटंट मिळालं, त्या मशीनमध्ये कापड एका पट्टीच्या टाचण्यांवर उभं टांगावं लागे. पट्टी संपली की थांबा, कापड काढा, पुन्हा टांगा. कापड सलग सरकवायचं कसं, हाच मोठा प्रश्न होता. अ‍ॅलन विल्सनने १८५४ मध्ये त्याचं सुरेख उत्तर काढलं. सुईखालचे दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली बुडतात आणि मागे परततात. आपल्या घरातली मशीनं आजही याच चार चालींवर चालतात.

पण हे दाते धरतात फक्त खालचं कापड. वरून प्रेशर फूट दाबून बसलेला असतो, तो वरच्या कापडाला उलट अडवतो. ब्लाऊजच्या दोन पातळ थरांना याचा फारसा फरक पडत नाही. गोधडीला मात्र पडतो. थर जितके जास्त, तितका वरचा मागे राहतो.

गंमत म्हणजे बायकांनी याची वाट पाहिली नाही. १८५६ मध्ये सिंगर कंपनीने हप्त्यांवर मशीनं विकायला सुरुवात केली, आणि त्या काळात मशीनवर शिवलेल्या अमेरिकन रजया आजही जपलेल्या आहेत. पुढे मात्र हातशिलाईच खरी असं मत पक्कं झालं. केंटकीतल्या पडुका गावच्या मोठ्या रजई-प्रदर्शनात मशीनवर शिवलेल्या रजईला सर्वोच्च बक्षीस मिळायला १९८९ साल उजाडलं. ती कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांची होती.

वरच्या थरावरचा उपाय म्हणजे वॉकिंग फूट. त्यालाही स्वतःचे दाते असतात. त्याचा दांडा सुईच्या स्क्रूवर बसतो, त्यामुळे सुई वर-खाली झाली की तोही पाऊल उचलतो आणि टाकतो. खालचे दाते आणि वरचे दाते मिळून सगळे थर एकदम पुढे नेतात. मी तो आणला, आधी कच्चे टाके घातले, मधून सुरुवात करून काठाकडे गेले, टाका मोठा ठेवला. अगदी सपाट झाली असं नाही म्हणणार, पण चुण्या गेल्या.

शिवता शिवता आजी आठवली. तिचा डावा हात गोधडीच्या खाली असायचा, उजवा वर. दर चार टाक्यांनी ती तळव्याने कापड सारखं करायची. आम्हाला वाटायचं, सवय आहे. आता कळतं, वरचा थर मागे राहू नये म्हणून तो हात फिरत होता. इंजिनिअरांना जे वेगळं बनवावं लागलं, ते तिच्या हातात आधीपासून होतं.

भोकं पडलेल्या जागी मी ठिगळं लावली, हातानेच. बाळाची बोटं नेमकी तिथेच जातात.